पाणी, शिसं, चांदी

आमच्या गाडीत एक लाल दिवा होता, आणि त्याच्यावर काय लिहिलंय हे अख्ख्या परभणी जिल्ह्यात कुणालाही वाचता येत नव्हतं.

गाडी जपानी होती. मुंबईतल्या एका परदेशी वकिलातीतला कुणी साहेब मायदेशी जाताना ती सोडून गेला आणि लिलावातून दोन-तीन हात बदलत ती आमच्या दारात आली. मी जिंतूरला बाळंतपणाचा छोटा दवाखाना चालवायचे. नवरा कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. गाडीची हौस दोघांनाही नव्हती, पण गरज मला होती. माझ्याकडे भूल देणारा डॉक्टर नव्हता, त्यामुळे पोट उघडायची वेळ आली की बाईला परभणीच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागायचं. भाड्याची जीप मिळाली तर मिळाली. या गाडीची मागची सीट चांगली लांब होती, त्यावर बाई आडवी झोपू शकायची. मी गाडी चालवायला शिकले ती केवळ या सीटसाठी. सुरुवातीला बोरीच्या बाजारात लोक बैल थांबवून बघायचे की बाई गाडी चालवायलीय. मग सवय झाली त्यांना. बैलांनाही झाली.

दोन वर्षं गाडीनं कुरकुर केली नाही. एका दिवाळीनंतर तो दिवा लागला. लाल, डोळ्यावर येणारा, आणि त्याच्यावर चित्रासारखी तीन चिन्हं. गाडीबरोबर पुस्तक आलं होतं, तेही तसल्याच लिपीत. नवऱ्यानं ते उलटसुलट करून पाहिलं आणि कपाटात ठेवून दिलं.

मग मी परभणीतले मिस्त्री केले. बॅटरीवाल्यानं दिवा बघितला आणि सांगितलं, बॅटरी. रेडिएटर झाळणारा म्हणाला, पाणी. ब्रेकवाला म्हणाला, मॅडम, हे साफ ब्रेकचं निशाण आहे, हे बघा, पायासारखं दिसतंय. तीन चिन्हांतलं मधलं जरा पायासारखं दिसायचं खरं. प्रत्येकानं आपापल्या धंद्याचा भाग खोलला, पुसला, परत बसवला. दिवा लागलेलाच. शेवटी सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं की गाडी तर मस्त चालते, मग त्या दिव्याची वायर तोडून टाका आणि बिनघोर फिरा. आमच्या डॉक्टरी धंद्यातही असे लोक आहेत, त्यामुळे मला नवल वाटलं नाही, राग मात्र आला.

घरात वेगळंच चाललं होतं. नवऱ्याचा स्वभाव भित्रा नाही, पण माझ्या बाबतीत तो फार लवकर घाबरतो. लाल दिवा म्हणजे धोका, एवढं तर कुठल्याही देशात खरं असणार, असं त्याचं म्हणणं. "तू बाईला घेऊन निघालीस आणि मध्येच काही पेटलं तर?" तो रोज रात्री जेवताना विचारायचा. मग एक दिवस त्यानं सांगून टाकलं की नांदेडचं एक गिऱ्हाईक रविवारी गाडी बघायला येतंय.

मी त्या दिवशी जेवले नाही. पंधराच दिवसांपूर्वी एक बाई बैलगाडीतून माझ्याकडे आली होती. वस्तीवरून निघाली तेव्हा जिवंत होती. गाडी विकली तर पुढच्या अशा प्रत्येक बाईला मी काय सांगणार होते? आणि ठेवली तर नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर काय? दोन्हीकडून मी अडकले होते आणि मधे तो लाल दिवा होता.

शुक्रवारी येलदरीहून एक जोडपं आलं. बाई आठव्या महिन्यातली, तिला मी आधीपासून तपासत होते. नवरा तिथल्या धरणावरच्या वीजघरात ऑपरेटर. आयटीआय झालेला, तिशीतला, काळासावळा, शर्टाच्या खिशाला कायम टेस्टर लावलेला माणूस. बायकोला आत सोडलं की तो बाहेर कडुनिंबाखाली उभा राहायचा, बाकावर बसायचा नाही. आम्ही त्यांना ऑपरेटर असंच म्हणायचो. त्यांच्या घरात भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो आहे हे मला त्यांच्या बायकोकडून माहीत होतं. नामांतराचा ठराव होऊन तेव्हा सात-आठ वर्षं झाली होती, विद्यापीठाचं नाव अजून बदललेलं नव्हतं, आणि कोण कुठं उभं राहतं, कुठं बसतं, हे आमच्या गावात न बोलता ठरलेलं असायचं.

तपासणी करून मी बाहेर आले तर ते गाडीच्या काचेतून आत बघत होते. मी वैतागलेलीच होते. म्हटलं, "काय, घ्यायचीय का? रविवारी विकायला काढलीय."

"कामून?"

मी दिव्याची सगळी कहाणी सांगितली. बॅटरी, पाणी, ब्रेक, सगळं. त्यांनी मधे एकदाही तोंड घातलं नाही. माझ्या माहितीतल्या शिकलेल्या पुरुषांपैकी हे फार थोड्यांना जमतं. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"बाई, सकाळच्या पारी, गाडी रातभर थंड असती, तवा चालू केल्या केल्या बी लागतो का ह्यो दिवा?"

मला सांगता येईना. मी सकाळी गाडी चालू करायचे आणि निघायचे, दिव्याकडे बघायचे ते वाटेत. आणि सगळ्या मिस्त्रींनी गाडी बघितली ती जिंतूरहून परभणीपर्यंत तापून आल्यावर. थंड गाडी कुणी पाहिलीच नव्हती.

"उद्या बगा. दिवा तापाचा आसंल तर थंड गाडीत लागाय नगो. मी परवा सुट्टीवर हाय, येतो."

दुसऱ्या दिवशी कडाक्याची थंडी होती. टपावर दव साचलेलं. मी शाल गुंडाळून गाडीत बसले, चावी फिरवली, इंजिन सुरू झालं, आणि दिवा लागला. लागला तो गेलाच नाही. मी तिथंच मोठ्यानं हसले. रात्रभर दवात भिजलेल्या गाडीला ताप कुठून येणार? थर्मामीटर बिघडलाय हे आम्ही पेशंटच्या कपाळावर हात ठेवून ओळखतो, आणि गाडीच्या कपाळावर हात ठेवायचं मात्र दोन महिन्यांत कुणालाही सुचलं नव्हतं. फिजिक्सच्या प्रोफेसरांनाही नाही. ते मी त्यांना चहा देताना सांगितलं. त्यांनी चहा थंड होऊ दिला.

रविवारी ऑपरेटर आले, नांदेडच्या गिऱ्हाइकाच्या आधी. त्यांनी दिव्याकडे फारसं पाहिलंच नाही.

"वर काय लिवलंय ते वाचायला येत न्हाई आपल्याला," ते म्हणाले. "पण तार कुठं जाती ते तर दिसतंय न्हवं."

आणि ते तारेमागे गेले. दिव्याच्या पाठीमागून, दाराच्या कडेनं, पायाखालच्या गालिच्यातून, माझ्या सीटखाली. तिथं एक प्लास्टिकची जोडणी निघाली. तिथून तार गाडीच्या पत्र्यातल्या भोकातून खाली जात होती. ते पोत्यावर पाठ टेकून गाडीखाली सरकले. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "बाई, वाका जरा."

मी वाकले. साडीचा पदर खोचून, गुडघ्यावर हात ठेवून. नवराही वाकला. धुराच्या नळीच्या मधोमध भाकरीच्या टोपल्याएवढा एक लोखंडी डबा होता आणि त्याच्यात बोटाएवढी एक कांडी आटे पाडून घुसवलेली होती. तार त्या कांडीला जात होती.

"ह्यो डबा धुराला जाळतो," ऑपरेटर म्हणाले. "असल्या डब्याचं चित्र आयटीआयला बगितलं हुतं. इंजनात जे कच्चं ऱ्हातं ते हितं जळतं. म्हून ह्यो लय तापतो. लालभडक बी होत आसंल. आन ही कांडी त्याचा ताप बगती. आमच्याकडं मशीनच्या बेअरिंगला असल्याच असतात. बेअरिंग तापलं की वर पाटीवर दिवा."

त्यांनी सीटखालची जोडणी सोडली. दिवा विझला. लावली, लागला. मग कांडी पान्यानं हळूहळू सोडवून काढली, आधी आट्यावर रॉकेल टाकून अर्धा तास थांबून. मला तर वाटलं होतं आता हातोडा घेणार. कांडी त्यांनी आपल्या पिशवीतल्या मीटरला लावली, थंड असताना, मग माझ्या इंजेक्शनच्या सुया उकळायच्या पाण्यात बुडवून, मग स्टोच्या जाळावर धरून. मीटरचा काटा तिन्ही वेळा एकाच जागी. शेवटी त्यांनी कांडी माझ्या टेबलावरच्या भिंगाखाली धरली. आतला पांढरा चिनीमातीसारखा भाग तडकलेला होता आणि आतली तार बाहेरच्या नळीला चिकटली होती.

"ही म्हणायलीय सदाच ताप हाय, सदाच ताप हाय," ते म्हणाले. "गाडी शाबूत हाय. कांडी खोटं बोलायलीय."

दोन महिन्यांचं भूत तासाभरात उतरलं. नवऱ्यानं त्यांचा हात हातात घेतला. "झालं तर! जोडणी सोडूनच ठेवू. दिवा बंद, भानगड खलास. गाडी विकायची नाही."

"न्हाई सर." ऑपरेटरांचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "दिवा इझला म्हंजी डबा थंड झाला आसं न्हाई. कांडी बदलाय लागंल."

"अहो, पण ती इथं मिळणार कुठं?"

"ते मी बगतो. तोवर गाडी वाळल्या गवतावर, कडब्यावर उभी करू नगा."

खरं सांगायचं तर मला ते उगाच अडून बसल्यासारखं वाटलं. गाडी वाचली होती, गिऱ्हाइकाला नवरा दारातूनच परत पाठवत होता, आणि हा माणूस एका कांडीसाठी हटून बसला होता. मी तोंडानं बरं म्हटलं आणि मनात म्हटलं, चिकट आहे बुवा.

तीन आठवड्यांनी ते आले. पिशवीत कापडात गुंडाळलेली एक लांब कांडी. हैदराबादेत पाहुण्यांकडे गेले होते, तिथल्या भंगार बाजारात कुठल्याशा भट्टीतून निघालेली त्यांना सापडली. जपान्याची नव्हती, तऱ्हाच वेगळी होती. हिच्यात दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा टोकाला एकमेकींना जोडलेल्या होत्या. टोक तापलं की तारेत आपोआप वीज तयार होते, जितका ताप तितकी जास्त. आता नवऱ्याची पाळी होती. हे त्याला येत होतं, तो उभ्यानंच अर्धा तास शिकवत राहिला. ऑपरेटरांनी मन लावून ऐकलं आणि मग विचारलं, "मग सर, ही वीज मोजायला बारीक काट्याचं काही हाय का कॉलेजात? मोडकं बी चालंल." प्रयोगशाळेतून बाद केलेला एक जुना काट्याचा मीटर निघाला. काच तडकलेली, पण काटा जिवंत.

आता अडचण अशी की काटा हलायचा, पण किती हलला म्हणजे किती ताप, हे कुणाला माहीत? मीटरवरचे आकडे त्या कामाचे नव्हते. तिथं मी या माणसाला मनातल्या मनात हात जोडले. ते म्हणाले, "ज्याचा ताप ठरलेला हाय आसं काही तरी पायजे. पाणी उकळायचा ताप ठरलेला. शिसं इतळायचा ठरलेला. आन तिसरी चांदी."

पाणी आणि शिसं माझ्या स्वयंपाकघरातच झालं. शिसं वितळलं तशी काट्यानं एक जागा धरली आणि तिथं तो थांबून राहिला. ऑपरेटरांनी मीटरच्या पांढऱ्या कागदावर पेन्सिलीनं खूण केली. चांदीसाठी सोनार लागणार होता. माझं एक तुटलेलं पैंजण होतं, लग्नातलं. ते घेऊन आम्ही बाजारात गेलो.

सोनारबाबा माझ्या ओळखीचे. त्यांच्या दोन्ही सुनांची बाळंतपणं माझ्याकडे झालेली. दुकानाला तीन पायऱ्या. मी वर गेले, माझ्यामागे ऑपरेटर. सोनारबाबांनी त्यांच्याकडे बघितलं, गाव विचारलं, आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "तुमी खालीच थांबा. कांडी मी धरतो मुशीत."

ऑपरेटर दोन पायऱ्या उतरले आणि रस्त्यावर उभे राहिले. मीटर त्यांच्या हातात, कांडी सोनाराच्या हातात, मधे तार. मी वर पाटावर बसलेली. मला कळलं होतं काय झालं ते. मी काही बोलले नाही. त्या घरात माझा शब्द चालत होता, आणि मी पदरानं वारा घेत मुशीकडे बघत बसले. चांदी वितळली, गोळा होऊन चमकली. खालून ऑपरेटरांनी शांतपणे सांगितलं, "धरा तसंच. हलवू नगा. झालं." आणि खूण केली.

काम संपल्यावर सोनारबाबांना राहवेना. ते स्वतः पायऱ्या उतरून खाली आले, मीटरवर वाकले, काटा कसा हलतो ते विचारून विचारून घेतलं. "असलं एक माझ्या भट्टीला करून द्या की," म्हणाले. ऑपरेटर म्हणाले, "बगू."

घरी येऊन त्यांनी खुणांशेजारी सुबक अक्षरांत लिहिलं: पाणी, शिसं, चांदी. चांदीजवळ लाल शाईची रेघ. सायकलच्या ट्यूबचे तुकडे खाली घालून मीटर स्टिअरिंगच्या बाजूला बसवला, कांडी डब्यात आटे पाडून घट्ट केली, आणि मला समोर बसवून सांगितलं. नेहमी काटा शिशाच्या जरासा वर राहील. चांदीकडं जायला लागला की थांबायचं. मग बहुतेक कुठला तरी प्लग निसटलेला असेल, त्याचं कच्चं पेट्रोल डब्यात जाऊन पेटत असेल. बॉनेट उघडून प्लगच्या चार टोप्या बोटांनी दाबून कशा बघायच्या तेही दाखवलं. मला दोनदा करायला लावलं. मी म्हटलं, अहो, मी डॉक्टर आहे, एकदा बघितलं की कळतं. तरी दोनदा.

आता गाडीतला काटा जिल्ह्यातल्या कुणालाही वाचता येत होता. मागच्या सीटवर बसलेल्या बायका विचारायच्या, "बाई, शिसं झालं का?" आणि मी म्हणायचे, झालं.

फाल्गुन लागला होता. दुपारी बाराच्या सुमाराला माझ्याकडे एक पहिलटकरीण आली. बाळ आडवं, हात बाहेर आलेला. इथं काहीही करता येण्यासारखं नव्हतं. तिला मागच्या सीटवर झोपवलं, तिचं डोकं सासूच्या मांडीवर, आणि मी निघाले. दीड तासाच्या आत टेबलावर गेली तर दोघं वाचणार, नाहीतर बाळ नक्की जाणार आणि बहुधा आईही.

बोरी ओलांडल्यावर गाडी हिसके द्यायला लागली. थोडेच. मी दुर्लक्ष केलं. झरीच्या अलीकडे डांबरी सडकेवर करडई पसरलेली. आमच्याकडे सुगीत ही रीतच आहे. लोक वाळलेलं पीक सडकेवर अंथरतात, येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांच्या चाकांनी मळणी होते, बैल जुंपायची गरज नाही. ड्रायव्हर लोक हॉर्न वाजवून वरून जातात, कुणी तक्रार करत नाही. मीही शेकडो वेळा गेलेली. पण त्या दिवशी थर गुडघाभर होता, आणि काटेरी काड्या गाडीच्या पोटाला खरवडत असल्याचा आवाज मला येत राहिला. अर्धा-पाऊण मैल तसंच.

थर संपला आणि माझं लक्ष काट्याकडे गेलं. शिसं कधीच मागे पडलं होतं. काटा चांदीच्या रेघेला टेकायला दोन बोटं राहिली होती आणि तो चढत होता.

मागून सासू म्हणाली, "बाई, थांबू नगा. पोरगी गार पडायलीय."

मी थांबले नसते. खोटं कशाला सांगू? पाय ॲक्सिलरेटरवर होता आणि मनात तेच आलं जे दोन महिने सगळे मिस्त्री सांगत होते: मीटरच खोटं बोलत असेल, चल पुढं. परभणी आता फार लांब नव्हती. पण मग डोळ्यांसमोर ते माझं पैंजण आलं, मुशीत वितळून गोळा होताना, आणि खालून आलेला तो शांत आवाज, हलवू नगा, झालं. ती खूण खोटी असूच शकत नव्हती. ती माझ्या डोळ्यांदेखत केलेली होती. मी गाडी कडेच्या मोकळ्या मुरमावर घेतली, इंजिन बंद केलं आणि ओरडले, "उतरवा तिला! आधी तिला उतरवा!"

करडईवाले दोघं धावत आले. गोधडीसकट पोरीला उचलून बाभळीखाली ठेवलं. तोवर गाडीच्या पोटातून धूर निघायला लागला होता. मी वाकून बघितलं. डब्याभोवती करडईच्या काड्यांचा गुंताडा बसला होता आणि त्यानं पेट घेतला होता. एक जण घागर घेऊन पळत आला. "पाणी नको, माती!" मी म्हटलं. दोघांनी टोपल्यानं माती मारली, काठीनं जळत्या काड्या ओढून काढल्या. पेट्रोलची नळी तिथून हातभर लांबही नव्हती.

आग विझली तसं मी बॉनेट उघडलं. चार टोप्या दाबल्या. तिसरी निसटलेली होती. खटकन बसली. पोरीला परत उचलून सीटवर झोपवलं आणि आम्ही निघालो. काटा हळूहळू उतरत शिशावर आला. करडई दिसली की आता मी शेताच्या बाजूनं उतरून जात होते.

तिला टेबलावर घेतलं तेव्हा बाळाचे ठोके लागत होते. मुलगी झाली. दोघी वाचल्या.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी आणि नवरा येलदरीला गेलो. वीजघराच्या वसाहतीत दोन खोल्या, दारात जास्वंद, पाळण्यात त्यांचं महिन्याभराचं बाळ. मी सगळं सांगितलं. बोलता बोलता मला रडू आलं, आणि मी एरवी रडणारी बाई नाही. शेवटी विचारलं, "तुम्ही त्या दिवशी एवढे अडून का बसलात? आम्ही तर वायर सोडून मोकळे झालो होतो."

ते पाळण्याची दोरी ओढत होते.

"आमच्या गावात वरच्या आळीत एक म्हातारी हुती," ते म्हणाले. "लय थापा मारायची. पूर आला म्हनायची, लांडगं आलं म्हनायची. तिचं कुणी खरं धरायचं न्हाई. पोरं दगडं मारायची तिला. मी बी मारलीत. नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात एक दिवस ती आमच्या वस्तीत आली. शेण येचायला आल्यावानी पाटी घिऊन. माझ्या बापाला म्हनली, आज लेकरं घिऊन निघा. सगळे हसले. बाप म्हनला, आज कामून तरी तिच्या डोळ्यात पाणी हाय. आमी निघालो. शेजारच्या चार घरच्यांनी बी ऐकलं. माघारी आलो तर वस्ती पेटवलेली, घराच्या जागी नुसती राख. पण माणसं सगळी हुती."

त्यांनी पाळण्यातलं दुपटं सारखं केलं.

"खोटं बोलती म्हून तिला आधीच गावातनं हाकललं आसतं, तर त्या दिवशी कुणी सांगितलं आसतं? सांगणारं बिघडलं तर नीट करावं, बाई. तोडू न्हाई."

मला तेव्हा सोनाराच्या तीन पायऱ्या आठवल्या. वर पाटावर मी, वारा घेत बसलेली. मी म्हटलं, "त्या दिवशी सोनारबाबांकडं मी बोलायला हवं होतं. मला दिसत होतं. मी गप्प बसले."

त्यांनी दोरी ओढायची थांबवली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता म्हणतील जाऊ द्या. ते तसं म्हणाले नाहीत.

"व्हय," ते म्हणाले. "मी खाली हुतो. मी वाट बगत हुतो."

मग ते उठले आणि माझी गाडी बघायला बाहेर गेले, काटा हललाय का, खुणा जागच्या जागी आहेत का. मी त्यांच्यामागे गेले. त्यांनी तडकलेली काच शर्टाच्या बाहीनं पुसली. पुढं गाडी गेली, तो डबाही गेला, मीटर मात्र मी काढून ठेवला. आजही दवाखान्यात माझ्या टेबलावर आहे, आणि समोर कुणाला पायरीवर थांबवलेलं दिसलं की माझं लक्ष आधी त्या लाल रेघेकडे जातं. मग मी बोलते.